दर सणाला साइट जड होते: लहान चित्रं सीएसएसमध्ये घालावीत की वेगळी ठेवावीत

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. साइट एरवी बरी चालते. सण तोंडावर आला की जड होते. फोनवर लिंक उघडली की पांढरा पडदा दिसत राहतो आणि मग सगळं पान एकदम धप्पकन येतं. ऑफिसच्या वायफायवर मात्र काहीच जाणवत नाही. सर्व्हर ठीक, डेटाबेस ठीक, फोटो सगळे वेबपी, म्हणजे वेबसाठीच्या हलक्या स्वरूपात केलेले. तुम्ही काहीतरी साफसफाई करता, बरं वाटतं, आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच.

नागपूरच्या इतवारीत आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. संत्रा बर्फी, चिवडा, शेव, सणाचं सामान असं दुकान, आणि सोबत ऑनलाइन ऑर्डर. साइटचं काम आमच्याकडे, म्हणजे सुभाषनगरच्या दोन खोल्यांत बसणाऱ्या आम्हा तिघांकडे. पोळ्याला साइट जड झाली. मी होस्टिंगचा प्लॅन वाढवला, आठवड्यात साइट सुधारली. दिवाळीला पुन्हा तेच झालं. तेव्हा फोटोंवर राग काढला, सगळे परत दाबून लहान केले. दिवाळी झाली आणि साइट सुधारली. दोन्ही वेळा श्रेय मी घेतलं. खरं असं होतं की सण संपला की दुकानवाले भाऊ सणाचे आयकॉन काढायला सांगायचे आणि साइट हलकी व्हायची ती त्यानं. माझ्या उपायांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

संक्रांतीच्या आधी फोन आला. "ताई, साइट पुन्हा लटकून राहिली. याच्यापेक्षा दुकानात येऊनच घेऊन जातो म्हणते गिऱ्हाईक."

या वेळी ऑफिसात बसून तपासायचं नाही असं ठरवलं. मेट्रोनं चितार ओळीला उतरले, तिथून पायी दुकानात. काउंटरवरच्या पोराचा साधा अँड्रॉइड फोन मागून घेतला, केबलनं लॅपटॉपला जोडला आणि क्रोमच्या रिमोट डीबगिंगमधून नेटवर्क टॅब उघडला, म्हणजे कोणती फाइल यायला किती वेळ लागतो ते पट्ट्यांनी दाखवणारी यादी. गल्ली अरुंद, दोन्हीकडे उंच घरं, सिग्नलच्या दोन काड्या. गिऱ्हाईक साइट उघडतं ते अशाच जागी, आमच्या फायबरवर नाही.

पहिली पट्टी एचटीएमएलची, आखूड. दुसरी सीएसएसची, म्हणजे पानाची सजावट सांगणाऱ्या फाइलची, आणि ती निम्म्या पडद्यापर्यंत ओढलेली. ती संपेपर्यंत पान कोरं. सीएसएसचा आकार २८५ केबी. आम्ही हातानं लिहिलेली सीएसएस काही केल्या ५८ केबीच्या वर जात नाही. मग उरलेले २२७ केबी आले कुठून?

फाइल उघडली तर अक्षरांच्या न संपणाऱ्या माळा, एक संपली की दुसरी, आणि प्रत्येकीची सुरुवात 'आय-व्ही-बी-ओ-आर' अशी. ही खूण लक्षात ठेवा. पीएनजी फाइलचे पहिले बाइट ठरलेले असतात, म्हणून बेस६४ केल्यावर (म्हणजे तिचे बाइट साध्या अक्षरांत लिहिल्यावर) तिची सुरुवात कायम याच अक्षरांनी होते. जीआयएफची 'आर-शून्य-एल-जी-ओ-डी' अशी होते. एकदा डोळ्याला सवय झाली की सीएसएस वरवर चाळली तरी पोटात काय दडलंय ते कळतं. इथे दडले होते ३७ आयकॉन. तिळगूळ, पतंग, हलव्याचे दागिने, आणि मागच्या दिवाळीचे काढायचे राहून गेलेले पणती आणि आकाशकंदीलसुद्धा.

घातले कोणी?

कोणीच नाही. आमच्याकडचा पोरगा आयकॉन नेहमीसारखे फोल्डरमध्ये टाकायचा आणि सीएसएसमधून बॅकग्राउंड म्हणून लावायचा. बाकीचं बिल्ड टूल, म्हणजे साइटच्या फाइली बांधून तयार करणारं सॉफ्टवेअर, आपोआप करत होतं. वेबपॅक आणि वीट ही अशीच टूलं. वेबपॅक ५ मध्ये फाइलचा प्रकार नुसता 'ॲसेट' ठेवला तर ८ केबीपेक्षा लहान फाइल आपसूक इनलाइन होते, म्हणजे वेगळी न राहता सीएसएसमध्येच घातली जाते. वीटमध्ये तीच मर्यादा ४०९६ बाइटची आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये ती ८ केबीची होती, आणि आयकॉन सरासरी साडेचार-पावणेपाच केबीचे. एकूण एक आयकॉन मर्यादेच्या आत. टूल एकेका फाइलला विचारतं, तू लहान आहेस का? सगळ्या मिळून किती झाल्या हे ते विचारत नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या बसमध्ये लहान पोरांना तिकीट नाही, मांडीवर बसवा म्हणतात ना, तसं आहे हे. एकदोन पोरं मांडीवर चालतात. सदतीस पोरं एकाच बसमध्ये आणि शेवटचं चढेपर्यंत बस हलायची नाही, म्हटल्यावर वऱ्हाड वेळेवर पोचायचं कसं?

आणि बस खरंच हलत नाही. बाहेरून जोडलेली सीएसएस पूर्ण आल्याशिवाय ब्राउझर पानाचं पहिलं चित्रसुद्धा रंगवत नाही. चित्रं वेगळ्या फाइलमध्ये असती तर पान आधी दिसलं असतं आणि चित्रं मागून भरत गेली असती. सीएसएसमध्ये घातली की तीच चित्रं 'नंतर आली तरी चालेल'मधून 'आल्याशिवाय काहीच दिसणार नाही'मध्ये जातात. मग पतंगाचा आयकॉन ज्या पानावर नाही तिथेही गिऱ्हाईक त्यासाठी थांबतं, कारण सीएसएस सगळ्या पानांना एकच. वेगळी फाइल असेल तर ब्राउझर बॅकग्राउंडचं चित्र मागतो ते पानावर तो नियम लागू होणारा घटक असेल तेव्हाच. संपर्काच्या पानावर पतंग नाही, तर पतंग मागवलाही जात नाही. इनलाइन केल्यावर ही सगळी काटकसर गेली.

हिशेब करून पाहा. लाइटहाउस हे साइट तपासायचं टूल मोबाइलच्या चाचणीत साधारण १.६ मेगाबिटचा वेग धरतं, म्हणजे सेकंदाला २०० केबी. २८५ केबीला त्या वेगानं १.४ सेकंद लागतात, आणि हे सगळे पांढऱ्या पडद्याचे सेकंद.

३३ टक्क्यांची गोष्ट, आणि ती कधी खरी असते

बेस६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून फाइल एक तृतीयांशानं फुगते. आमचे १७० केबीचे आयकॉन २२७ केबी झाले ते असे. यावर कोणीतरी हमखास म्हणतं, जीझिप (सर्व्हरनं फाइल दाबून पाठवणं) आहे ना, ते भरून काढतं. बऱ्याच अंशी खरं आहे. पीएनजी आधीच दाबलेली असते, तिच्यात जीझिपला पुनरावृत्ती सापडत नाही. पण बेस६४ एका बाइटच्या २५६ शक्यतांपैकी ६४च वापरतं, आणि आठ बिटांच्या जागी सहा पुरतात हे जीझिपचं हफमन कोडिंग ओळखतं. त्यामुळे फुगवटा दोन-चार टक्क्यांवर येतो.

पण जीझिप चालू आहे का? एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ते मुळात बंद असतं. चालू केलं तरी 'जीझिप टाइप्स' न सांगितल्यास फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी (मजकुरात लिहिलेली रेघांची चित्रं) सगळं तसंच जातं. आमच्या सर्व्हरवर नेमकं हेच होतं. जीझिप चालू केल्याची ओळ होती, प्रकारांची ओळ नव्हती. ती लावणारी मीच. नेटवर्क टॅबमध्ये सीएसएसवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडरमध्ये 'कंटेंट-एनकोडिंग' दिसतं का ते पाहा. दिसलं नाही तर इनलाइनचा विचार बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा. आमच्या हातच्या ५८ केबी सीएसएसचे नुसत्या त्या एका ओळीनं १२ केबी झाले.

तेवढ्यावर थांबले असते तरी भाऊंचा फोन काही दिवस आला नसता. पण आयकॉनचे १७० केबी जीझिपनंतरही १७० च्या आसपासच राहतात, आणि पुढच्या सणाला १७० चे २५० झाले असते.

तपासताना फसायची एक जागा

तयार झालेल्या सीएसएसमध्ये किती चित्रं इनलाइन आहेत ते टर्मिनलवर मोजायला गेलात तर ग्रेप या शोधायच्या कमांडला नुसतं 'मोज' म्हणू नका. तो ओळी मोजतो, आणि मिनिफाय केलेली, म्हणजे मोकळ्या जागा काढून आवळलेली, सीएसएस सगळी एकाच ओळीत असते. उत्तर येतं १, आणि आपण निश्चिंत होतो. मी झाले होते, दिवाळीत. ग्रेपला प्रत्येक जुळणी वेगळ्या ओळीवर काढायला सांगा आणि मग त्या ओळी मोजा. क्रोममध्ये पाहत असाल तर नेटवर्क टॅबच्या फिल्टरमध्ये 'हाइड डेटा यूआरएल्स'ची (डेटा यूआरएल म्हणजे ज्यात आख्खं चित्रच लिहिलेलं असतं असा पत्ता) खूण लागलेली नाही ना, तेही बघा. ती लागलेली असेल तर इनलाइन चित्रं यादीतून गायब असतात आणि साइटवर जणू चित्रंच नाहीत असं वाटतं.

आणखी एक. यादीत डेटा यूआरएल दिसले म्हणजे लगेच दोष त्यांचा असं नाही. लेझी लोडिंगची, म्हणजे फोटो गरज पडेल तेव्हाच मागवणारी, काही प्लगइन फोटोच्या जागी एक पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ ठेवतात. ते पन्नासेक बाइटांचं असतं. त्याच्या मागे लागू नका.

मग हा सल्ला आला कुठून

लहान चित्रं सीएसएसमध्येच घाला, म्हणजे सर्व्हरकडच्या मागण्या (रिक्वेस्ट) कमी होतात, हा सल्ला वाईट हेतूनं नाही आला. डेटा यूआरएलचं मानक, आरएफसी २३९७, लॅरी मासिंटर यांनी १९९८ मध्ये लिहिलं. ब्राउझरमध्ये ते सर्रास वापरता यायला बराच काळ गेला. इंटरनेट एक्सप्लोररनं ८व्या आवृत्तीत घेतलं, तेही ३२ केबीच्या मर्यादेसह. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीचे ते दिवस होते. ब्राउझर एका होस्टला एका वेळी सहा कनेक्शन उघडायचे आणि बाकीच्या फाइली रांगेत. ३७ आयकॉन म्हणजे सहा-सहाच्या सात पंगती. अशा वेळी चित्रं एकत्र चिकटवून स्प्राइट करणं, इनलाइन करणं हे सगळं शहाणपणाचं होतं.

मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ चं मानक आलं. एकाच कनेक्शनवर अनेक फाइली एकदम, हेडरही दाबलेले. पंगती संपल्या. 'रिक्वेस्ट कमी करा' या वाक्याचा अर्धा जीव तेव्हाच गेला, पण वाक्य अजून फिरतंय. तुमची साइट अजून १.१ वर असेल तर आधी ते बदला. एनजिनएक्समध्ये कॉन्फिगरेशनच्या एकदोन शब्दांचं काम आहे.

अर्धा जीव मात्र उरलाय, आणि तो कुठे उरलाय ते कळलं की निर्णय सोपा होतो.

एचटीएमएलमध्ये इमेज टॅगनं लावलेलं चित्र ब्राउझरला लगेच सापडतं. सीएसएस यायची असतानाच त्याचा प्रीलोड स्कॅनर एचटीएमएल पुढे वाचत जातो आणि चित्रं मागवायला लागतो. अशा चित्राला इनलाइन करून मिळतं फार थोडं. सीएसएसमधल्या बॅकग्राउंडचं तसं नाही. आधी एचटीएमएल यायचं, मग सीएसएस, मग तो नियम कोणाला लागू होतो हे ठरायचं, आणि त्यानंतर चित्राची मागणी निघायची. म्हणजे सर्व्हरकडे जाऊन यायची एक पूर्ण फेरी जास्त. इतवारीतल्या त्या फोनवर एक फेरी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची होती. शोधाचं भिंग, कार्टची पिशवी, मेनूच्या तीन रेघा या गोष्टी पान दिसल्यावर उशिरानं टपकतात त्या यामुळे, आणि ते डोळ्याला खुपतं. इनलाइनची खरी जागा ही आहे.

ड्रॉपडाउनचा बाण हे तर ठरलेलं उदाहरण. सिलेक्ट घटकाला आधी-नंतरचे सूडो घटक धड लागत नाहीत, बाण बॅकग्राउंडमधूनच द्यावा लागतो, आणि तो दोनशे बाइटांचा एसव्हीजी असतो. त्याला वेगळी फाइल करणं म्हणजे एका संत्र्यासाठी कळमन्याच्या बाजारात ट्रक पाठवणं.

मी काय ठरवलं

किती केबीपर्यंत इनलाइन करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हे चित्र पहिल्या पडद्यावर, जवळपास प्रत्येक पानावर दिसतं का? दिसत नसेल तर ते अर्ध्या केबीचं असलं तरी बाहेर. भाऊंच्या साइटवर एवढ्या एका प्रश्नानं ३७ पैकी ३२ आयकॉन बाहेर पडले.

मग ते किती वेळा बदलतं ते बघायचं. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते खरी मार इथेच बसते. फाइलच्या नावात हॅश (फाइल बदलली की बदलणारा कोड) घालून ती ब्राउझरमध्ये वर्षभर साठवायला सांगणं ही आपली नेहमीची रीत. सीएसएसमध्ये ३७ चित्रं असतील आणि त्यातला एक तिळगूळ बदलला तर हॅश बदलतो, आणि रोज येणाऱ्या गिऱ्हाइकालाही सगळे २८५ केबी पुन्हा ओढावे लागतात. सणाच्या आठवड्यात भाऊ दिवसाआड काहीतरी बदलतात. म्हणजे साठवणीचा फायदा नेमका जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकाला मिळत नव्हता, आणि तक्रारीही त्यांच्याच येत होत्या. नवीन माणूस तक्रार करत नाही, निघून जातो.

एचटीएमएलमध्ये सरळ घातलेल्या चित्राची साठवण तर होतच नाही. पान दर वेळी नवं येतं आणि चित्र त्याच्यासोबत. म्हणून लोगो मी एचटीएमएलमध्ये घालत नाही. ६ केबीचा लोगो दहा पानं पाहणाऱ्याला दहादा पाठवण्यात काय हशील? शिवाय नव्या कनेक्शनवर सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहा पाकिटं पाठवतो, १४ केबीच्या आसपास. त्यात पानाचा मजकूर आणि वरचा भाग बसायला हवा, चित्रांची माळ नव्हे. फोटोंच्या मागे धूसर छोटं चित्र इनलाइन करायची फॅशन आहे. चोवीस वस्तूंच्या यादीत अर्ध्या-अर्ध्या केबीची चोवीस म्हणजे १२ केबी. मी नुसता रंग देते. संत्रा बर्फीच्या मागे केशरी चौकोन पुरतो.

आकार शेवटी बघायचा. एकेका चित्राला मी दीड केबीची मर्यादा ठेवलीय आणि एका सीएसएसमध्ये सगळ्यांची मिळून १० केबीची. हे आकडे कुठल्या मानकातले नाहीत, माझे आहेत. तुम्ही वेगळे ठेवा, पण दुसरा आकडा ठेवाच. टूलची मर्यादा मी शून्य केली, म्हणजे आपोआप काहीच इनलाइन होत नाही. जे पाच हवेत, भिंग, पिशवी, मेनू, बाण आणि फोनचा आयकॉन, ते हातानं सांगून घातले. वीटच्या नव्या आवृत्त्यांत फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन 'इनलाइन' किंवा 'नो-इनलाइन' लिहिता येतं. वेबपॅकमध्ये त्या फाइलींसाठी वेगळा नियम लिहा. सणाचे आयकॉन आता पब्लिक फोल्डरमध्ये जातात. तिथल्या फाइलींना टूल हात लावत नाही.

दुरुस्तीनंतर जे मोडलं

पाचही आयकॉन एसव्हीजी आहेत, आणि एसव्हीजीला मी बेस६४ करत नाही. तो मुळात मजकूर आहे. तसाच ठेवला तर जीझिपला त्यात भरपूर पुनरावृत्ती सापडते. बेस६४ तीन-तीन बाइटांचे गट पाडतं, त्यामुळे तोच शब्द एका ठिकाणी एक दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळा, आणि पुनरावृत्ती मोडते. पण मजकूर तसाच ठेवायचा तर थोडी चिन्हं सांभाळावी लागतात.

पहिल्याच दिवशी पिशवीचा आयकॉन दिसेना. रंग '#' लावून लिहिला होता. यूआरएलमध्ये '#' आला की पुढचं सगळं तुकडा म्हणून कापलं जातं. त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २३ लिहावं लागतं. दुसरा आयकॉन दिसेना कारण त्यात एसव्हीजीचा नेमस्पेस (हा एसव्हीजी आहे असं सांगणारी खूण) नव्हता. हे फार गोंधळात टाकतं, कारण तोच एसव्हीजी एचटीएमएलमध्ये सरळ चिकटवला तर नेमस्पेसशिवाय छान दिसतो. चित्र म्हणून वापरला की ब्राउझर त्याला एक्सएमएल म्हणून वाचतो आणि नेमस्पेस नसेल तर गप्प बसतो. कन्सोलमध्ये चकार शब्द नाही. तिसरं, एसव्हीजीच्या आत दुहेरी अवतरणं असतील तर बाहेरून एकेरी लावा, नाहीतर सीएसएसचा नियम मध्येच तुटतो.

लोकलवर सगळं ठीक झालं आणि लाइव्हवर पाचही गायब. कन्सोलमध्ये 'रिफ्यूज्ड टू लोड द इमेज'. हे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचं, म्हणजे पानावर काय कुठून येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांचं काम. चित्रांसाठी 'सेल्फ' लिहिलेलं होतं, आणि 'सेल्फ'मध्ये डेटा यूआरएल येत नाहीत. 'डेटा' वेगळं लिहावं लागतं, अपूर्णविरामासकट. ते फक्त चित्रांच्या ओळीत लिहा. स्क्रिप्टच्या ओळीत कधीच नाही, आणि डीफॉल्टच्या ओळीत घालायचा आळसही करू नका, कारण तिथून ते स्क्रिप्टलाही लागू होऊ शकतं. आधीचे ३७ आयकॉन मग कसे दिसत होते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. पॉलिसी मी त्याच दुपारी कडक केली होती, चांगलं काम करण्याच्या भरात. एका वेळी एकच बदल करावा हे पोराला रोज सांगते.

एसव्हीजी एचटीएमएलमध्ये सरळ चिकटवत असाल तर आतल्या ग्रेडियंटचे आयडी बघा. एकच आयकॉन दोनदा आला, एक मोबाइलच्या मेनूत आणि एक डेस्कटॉपच्या, तर आयडी तोच राहतो. पहिला लपवला की दुसऱ्याचाही रंग उडतो, कारण तो ग्रेडियंट पहिल्याकडून घेत असतो. यावर आमचे दोन तास गेले.

ऑर्डरच्या ईमेलमध्ये यातलं काहीच करू नका. जीमेल डेटा यूआरएलची चित्रं दाखवत नाही. तिथे साध्या लिंकचं चित्र लावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

बिल्ड संपलं की एक छोटी स्क्रिप्ट तयार सीएसएस वाचते, सगळ्या डेटा यूआरएलची लांबी जोडते आणि बेरीज १० केबीच्या वर गेली की बिल्ड थांबवते. लिहायला अर्धा तास लागला. पोळा, दिवाळी, संक्रांत असे तीन सण वाया गेल्यावर.

दुकानात पुन्हा गेले, तोच फोन, तोच काउंटर. सीएसएस आता जीझिपसकट १३ केबी. पान दिसलं, मग तिळगूळ, पतंग एकेक करून भरले. भाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "हे पतंग आधी एकदम यायचे, आता एकेक येऊन राहिले. बिघडलं का काही?" त्यांना समजावायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

गुढीपाडव्याच्या आधी स्क्रिप्टनं पहिल्यांदा बिल्ड अडवलं. पोरगा म्हणाला, "काऊन ताई, मी तर एकच आयकॉन बदलला. तोही एसव्हीजी." खरंच एकच होता, मेनूतल्या पिशवीच्या जागी गुढीची पिशवी. बेरीज ११ केबीवर गेली होती. १० चे १२ करून टाकावेत असं मलाही क्षणभर वाटलं, काम घाईचं होतं. तरी फाइल एडिटरमध्ये उघडली. वर एसव्हीजीचा टॅग, आत एकच इमेज टॅग, आणि त्यात 'आय-व्ही-बी-ओ-आर'ची ओळखीची माळ. डिझायनरनं पीएनजी उचलून एसव्हीजीत ठेवली होती आणि तशीच एक्सपोर्ट केली होती. तिला रेघांनी काढून मागवलं. संध्याकाळी नवी फाइल आली, ९०० बाइटची, आणि बिल्ड झालं.